प्रयोग संपल्यानंतरचे देणे

मानसशास्त्रीय संशोधनातील नैतिकतेविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांत विद्यार्थ्यांची पत्रे आहेत, पालकांची आहेत आणि ज्यांच्यावर कधी काळी एखादा प्रयोग झाला होता अशा व्यक्तींचीही आहेत. जागेअभावी त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि त्यांची ओळख पटेल असा सर्व तपशील गाळला आहे.

प्रश्न : मी मानसशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. स्टॅनली मिलग्राम यांचा आज्ञाधारकतेचा प्रयोग अनैतिक होता, असे आम्हांला वर्गात सांगितले जाते. परंतु त्यात कुणालाही विजेचा धक्का बसलाच नव्हता, आणि बहुतेक सहभागींनी नंतर समाधानच व्यक्त केले. मग नेमके चुकले काय? स्टॅनफर्डच्या तुरुंगाच्या प्रयोगाबद्दलही लिहावे.

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. 'अनैतिक' असा शिक्का मारून पुढच्या धड्याकडे वळणे मलाही पटत नाही. आधी एक लहानशी दुरुस्ती करतो. एक धक्का खरा होता. 'शिक्षका'च्या, म्हणजे चुकीच्या उत्तराला धक्का देणाऱ्याच्या, भूमिकेतील सहभागीला सुरुवातीलाच ४५ व्होल्टचा नमुना धक्का दिला जात असे, म्हणजे समोरच्या यंत्राविषयी त्याच्या मनात शंका राहू नये. ते यंत्र डोळ्यांसमोर आणून पाहा. एका ओळीत ३० बटणे, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत चढत जाणारी. त्यांच्याखालच्या पट्ट्या सौम्य धक्क्यापासून सुरू होऊन तीव्र धक्क्याच्या धोक्यापर्यंत पोहोचतात, आणि अगदी शेवटच्या बटणांखाली शब्दही नाहीत, नुसत्या फुल्या आहेत. १९६१ साली येल विद्यापीठात या यंत्रापुढे बसलेल्या माणसाला एवढेच ठाऊक होते की, भिंतीपलीकडे एक मध्यमवयीन गृहस्थ खुर्चीला बांधलेले आहेत आणि त्यांचे उत्तर चुकले की आपण पुढचे बटण दाबायचे आहे. मिलग्राम यांनी प्रथम प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३०० व्होल्टला ते गृहस्थ भिंतीवर हात आपटतात, त्यानंतर आणखी एकदा आपटतात आणि पुढे पलीकडून काहीही ऐकू येत नाही. सहभागी थांबू लागला की करड्या कोटातील प्रयोगकर्ता त्याला ठरलेली चार वाक्ये क्रमाने ऐकवतो. त्यांतले चौथे वाक्य असे की, तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवे.

माझ्या मते पहिला दोष या चौथ्या वाक्यात आहे. कोणत्याही क्षणी उठून जाण्याची मुभा हा संमतीचा गाभा असतो. आल्याबद्दलचा मोबदला काहीही झाले तरी आपलाच राहील, असे या सहभागींना सुरुवातीला सांगितलेले होते. परंतु प्रत्यक्ष थांबायची वेळ आली, तेव्हा पर्यायच नसल्याचे त्यांना सांगितले गेले आणि ते खोटे होते. १९६३ च्या मूळ शोधनिबंधात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेल्याची नोंद आहे. हा आकडा सर्वांना पाठ असतो. त्याच निबंधात घामाने भिजलेल्या, थरथरणाऱ्या, स्वतःच्याच तळहातात नखे रुतवणाऱ्या माणसांचीही नोंद आहे. चौदा जणांना अनावर हसू फुटत होते आणि तिघांना फेफऱ्यासारखे झटके आले. आत्मविश्वासाने हसत आलेला एक व्यावसायिक वीस मिनिटांत कसा पार कोलमडला, याचे वर्णन खुद्द मिलग्राम यांनीच करून ठेवले आहे. इजा झाली ती अशी, आणि तिला विजेची गरज पडली नाही. डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्ये जी टीका केली, तिचा रोख यावरच होता. प्रयोगशाळेत येणारा माणूस संशोधकावर विश्वास टाकून येतो, तेथे तो काहीसा परावलंबी असतो, आणि म्हणूनच त्याला जपण्याची जबाबदारी संशोधकावर येते, असे त्यांचे म्हणणे होते.

आता समाधानाविषयी. नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीला ज्यांनी उत्तर दिले, त्यांच्यापैकी ८४ टक्के लोकांनी सहभागाचा आनंद वाटल्याचे कळवले, हे खरे आहे आणि ते मी हलके मानत नाही. परंतु जुने कागदपत्र आणि ध्वनिफिती पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट उजेडात आली. अनेक सहभागींना त्या दिवशी पूर्ण सत्य सांगितलेच गेले नव्हते. पलीकडचे गृहस्थ सुखरूप आहेत एवढे त्यांना कळले, पण धक्के मुळात नव्हतेच, हे काहींना कित्येक महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून समजले. तोवर तो माणूस घरी गेला, जेवला, झोपला, कामावर गेला, आणि आपण एका अनोळखी माणसाला यातना दिल्या, हे ओझे त्याने सोबत वाहिले. प्रयोगातील बतावणीपेक्षा हे मला अधिक गंभीर वाटते. बतावणी काही संशोधनांत टाळता येत नाही आणि आजच्या नियमांतही तिला सरसकट बंदी नाही. परंतु ती त्याच दिवशी, त्याच खोलीत, समोरासमोर बसून उलगडून सांगणे संशोधकाच्या हातात होते.

तुरुंगाच्या प्रयोगाविषयी थोडक्यात लिहितो. काही तरुणांना कैदी आणि काहींना पहारेकरी बनवून ऑगस्ट १९७१ मध्ये दोन आठवड्यांसाठी आखलेला हा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. फिलिप झिम्बार्डो हे तेथे मुख्य संशोधक होते आणि त्या बनावट तुरुंगाचे अधीक्षकही तेच होते. 'मला बाहेर पडायचे आहे' असे एखादा तरुण रडत म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याने ते सहभागीची विनंती म्हणून ऐकावे की कैद्याची तक्रार म्हणून? एकाच माणसाकडे दोन्ही खुर्च्या असल्या की हा निर्णय चुकतोच. क्रिस्टिना मास्लाक बाहेरून तेथे आल्या आणि त्यांनी जोरदार हरकत घेतली, तेव्हा प्रयोग थांबला. संशोधनाची तपासणी संशोधकाशी संबंध नसलेल्या नीतिसमितीने का करायची असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाच्या शाळेत एका संशोधनासाठी मुलांकडून प्रश्नावली भरून घेणार आहेत. मी संमतिपत्रावर सही केली, पण मुलगा नको म्हणतो. पालकांची सही असल्यावर मुलाच्या नकाराला अर्थ राहत नाही, असे वर्गशिक्षिका म्हणतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या संशोधनातून मुलाला थेट काही लाभ होणार नाही, तेथे त्याच्या वयाला झेपेल अशा भाषेत समजावून त्याचा होकार घ्यावाच लागतो. तो नाही म्हणाला तर विषय तेथे संपतो. आपली सहीसुद्धा आपण केव्हाही, कारण न देता, मागे घेऊ शकता.

या नियमामागे काय घडून गेले आहे, ते सांगितल्याशिवाय उत्तर अपुरे राहील. १९३९ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वाणीदोषांचे अभ्यासक वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग केला. बोलण्याला वारंवार नावे ठेवल्यामुळेच तोतरेपणा जडतो की काय, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी मुळात व्यवस्थित बोलणाऱ्या सहा मुलांना सांगितले गेले की, तुमच्या बोलण्यात मोठा दोष आहे, तोतरेपणाची लक्षणे दिसू लागली आहेत, नीट बोलता येणार नसेल तर बोलूच नका. आश्रमातील शिक्षकांना आणि सांभाळणाऱ्या बायकांनाही तसेच सांगून ठेवले, त्यामुळे मुलांना ते सगळीकडूनच ऐकू येऊ लागले. ट्यूडर यांच्या नोंदी वाचवत नाहीत. महिन्याभरापूर्वी मोकळेपणाने बोलणाऱ्या पाच वर्षांच्या एका मुलीला बोलते करणे आता फार अवघड झाल्याचे त्यांत लिहिले आहे. पंधरा वर्षांची एक मुलगी बोलता बोलता मध्येच चुटक्या वाजवू लागली. का, असे विचारल्यावर तिने सांगितले की, पुढचा शब्द आपल्याला म्हणता येणार नाही अशी भीती तिला वाटत होती.

या मुलांना वैद्यकीय अर्थाने तोतरेपणा जडला नाही. परंतु ती गप्प झाली, अवघडली, आणि अभ्यासात मागे पडली. ट्यूडर नंतर काही वेळा स्वतःहून आश्रमात गेल्या आणि तुमचे बोलणे चांगले आहे, असे मुलांना सांगत राहिल्या, पण तेवढ्याने झाले ते पुसले गेले नाही. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला, निष्कर्ष कधी प्रसिद्ध झाले नाहीत, आणि आपल्यावर प्रयोग झाला होता हे त्या मुलांना २००१ साली एका वृत्तपत्राने प्रकरण बाहेर काढल्यावर कळले. तोवर ती म्हातारी झाली होती. विद्यापीठाने त्या वर्षी माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने सहा जणांच्या दाव्यात मिळून ९,२५,००० डॉलर देण्याचे मान्य केले.

जॉन्सन स्वतः तोतरे होते आणि या दोषावर उपाय सापडावा म्हणून ते आयुष्यभर झटले, ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. हेतू चांगला होता, पण त्या मुलांच्या वतीने 'नको' म्हणायला त्या खोलीत कुणीही नव्हते, आणि बहुधा म्हणूनच ती निवडली गेली. संशोधनाचा भार कुणावर टाकला जातो, हा न्यायाचा प्रश्न आहे, असे संशोधनातील सहभागींच्या संरक्षणासाठी अमेरिकेत तयार झालेल्या १९७९ च्या बेलमाँट अहवालात स्पष्ट नमूद केले आहे. आपल्या मुलाच्या बाजूने बोलायला आपण आहात. वर्गशिक्षिकांना शांतपणे सांगा की तो भाग घेणार नाही आणि त्याबद्दल वर्गात त्याला कुणी काही विचारू नये. इतर पालकांसाठीही विचारून ठेवा: प्रश्न कोणते आहेत, उत्तरपत्रिकेवर नाव असणार का, शिक्षकांना उत्तरे दिसणार का, आणि तक्रार करायची झाल्यास ती कोणाकडे करायची?

प्रश्न : एखादे ॲप सुरू करताना आपण अटी मान्य करतो. मग त्या कंपनीने आपल्यावर मानसशास्त्रीय प्रयोग केला, तर ती आपली संमतीच समजायची का?

उत्तर : कायद्याच्या भाषेत कंपनी तसे म्हणू शकेल, पण संशोधनाच्या नीतीत ती संमती ठरत नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरात बदल केला. काहींना आनंदी नोंदी कमी दाखवल्या, काहींना दुःखी नोंदी कमी दाखवल्या, आणि त्याचा परिणाम त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर होतो का, ते पाहिले. परिणाम अतिशय किरकोळ निघाला. २०१४ मध्ये निबंध प्रसिद्ध झाल्यावर मोठा गदारोळ झाला आणि संमतीविषयीची चिंता त्या नियतकालिकाच्या संपादकांना स्वतंत्रपणे छापावी लागली. कशाला होकार देत आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दिलेला होकार पोकळ असतो. शिवाय ज्यांच्या मनःस्थितीवर हा प्रयोग झाला, त्यांच्यापैकी एकालाही, 'त्या आठवड्यात तुम्ही आमच्या प्रयोगात होता', असे नंतरही कळवले गेले नाही.

प्रश्न : मी पीएचडी करतो. माझ्या ६० सहभागींपैकी सहा जणांची उत्तरे अपेक्षेच्या उलट आली आहेत. ती 'बसत नाहीत', गाळून टाक, सगळेच असे करतात, असे मार्गदर्शक म्हणतात. यात सहभागींचे काही नुकसान नाही, मग हा नैतिकतेचा प्रश्न आहे का?

उत्तर : आहे. कोणाची उत्तरे वगळायची याचा नियम आधी लिहून ठेवलेला असेल, उदाहरणार्थ ज्याने निम्मे प्रश्न कोरे सोडले त्याला वगळायचे, तर वगळण्यात गैर काही नाही. निकाल पाहून मग नियम शोधणे गैर आहे. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन या तिघांनी संगणकावर दाखवून दिले की, अशा चार लहानसहान सवलती संशोधकाने एकत्र घेतल्या, तर मुळात नसलेला परिणाम 'सापडण्या'ची शक्यता ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर जाते. २०१५ मध्ये १०० प्रसिद्ध मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा जेमतेम एकतृतीयांश अभ्यासांतच मूळ परिणाम पुन्हा ठळकपणे दिसला. त्यामागे अशा सवयींचा वाटा मोठा आहे, असे मी मानतो.

नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक डिडरिक स्टापेल याच रस्त्याने टोकाला गेले. प्रश्नावल्या शाळांमधून भरून आणल्या आहेत असे सांगून ते स्वतः रचलेली आकडेवारी विद्यार्थ्यांच्या हाती देत. २०११ मध्ये हे उघडकीस आले आणि पुढे त्यांचे ५८ शोधनिबंध मागे घेतले गेले. त्या बनावट आकड्यांवर ज्यांनी प्रामाणिकपणे प्रबंध लिहिले, त्या विद्यार्थ्यांच्या वर्षांची भरपाई कोण करणार? हे प्रकरण उघडकीस आणणारे तिघे तरुण संशोधकच होते. त्यांनी कित्येक महिने शांतपणे पुरावे जमवले आणि मग विभागप्रमुखांकडे गेले.

आपल्या सहा जणांनी आपल्याला वेळ दिला, आपल्या मनातले सांगितले, आणि आपले उत्तर मोजले जाईल या भरवशावर सांगितले. ते पुसून टाकणे हे त्यांना दिलेला शब्द मोडणे आहे. नुकसान नाही, असे म्हणूनच म्हणता येत नाही. मार्गदर्शकांना थेट दुखवायचे नसेल तर एक मार्ग सुचवतो. दोन्ही विश्लेषणे करा, साठ जणांचे आणि चोपन्न जणांचे, आणि दोन्ही प्रबंधात छापण्याची परवानगी त्यांच्याकडे ईमेलने मागा. बहुतेक मार्गदर्शक लेखी नकार देत नाहीत. नकार आलाच, तर तो ईमेल जपून ठेवा आणि संशोधन समितीकडे जा. पुढच्या अभ्यासासाठी मात्र वगळण्याचे नियम आधीच ठरवून त्यांची पूर्वनोंदणी करा, म्हणजे हा पेच उभाच राहणार नाही.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी, विद्यार्थिनी असताना, मी एका प्रयोगात भाग घेतला होता. चाचणीनंतर मला सांगितले की, माझी तर्कशक्ती सरासरीपेक्षा बरीच कमी आहे. शेवटी 'हे गुण खोटे होते, प्रयोगाचा भाग होता' असेही सांगितले. तरीही आजवर एखादे अवघड काम समोर आले की ते गुण आठवतात. यात माझेच काही चुकते आहे का?

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. आपण जे अनुभवले ते संशोधनाने नोंदलेले आहे. १९७५ मध्ये ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना आत्महत्येपूर्वी लिहिलेल्या खऱ्या चिठ्ठ्या आणि बनावट चिठ्ठ्या यांच्यातील फरक ओळखायला सांगितले, आणि कुणाला 'तुम्ही उत्तम ओळखता', कुणाला 'तुम्हाला जमत नाही' असे मनाने ठरवूनच सांगितले. नंतर तो निकाल खोटा होता, असा खुलासा केला. खुलासा ऐकूनही, ज्यांना अपयशी म्हटले होते ते स्वतःला कमीच लेखत राहिले. आपण कमी आहोत असे ऐकल्यावर मन त्याला पुरावे गोळा करू लागते, आणि मूळ विधान मागे घेतले तरी गोळा झालेले पुरावे मनात तसेच राहतात. ही मनाची रीतच जेव्हा सहभागींना समजावून सांगितली गेली, तेव्हा परिणाम बराचसा ओसरला.

हे मी वाचले तोवर माझ्या हातून चूक होऊन गेली होती. पीएचडीच्या काळात मी एका अभ्यासात काही सहभागींना शब्दकोड्यांच्या चाचणीत मुद्दाम कमी गुण सांगत असे आणि शेवटी छापील तीन ओळींचा खुलासा वाचून दाखवत असे. एक मध्यमवयीन गृहस्थ दुसऱ्या दिवशी परत आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही ते खोटं होतं म्हणालात ना?" मी त्यांना बसवले, गटांच्या वाटणीची यादी काढून दाखवली आणि तुमचे नाव कळण्याच्या आठवडाभर आधी चिठ्ठ्या टाकून तुमचा क्रमांक या गटात गेला होता, हे सांगितले. त्यांनी आपल्या क्रमांकावर बोट ठेवले, पण चेहऱ्यावरचा ताण गेला नाही. मग काल रात्री त्यांच्या मनात काय काय येऊन गेले, ते विचारले. ते म्हणाले, "शाळेतल्या गणिताच्या मार्कांपर्यंत गेलो होतो मी." आम्ही तासभर बोललो. जो तास मी आदल्या दिवशी द्यायला हवा होता, तो त्यांना परत येऊन मागावा लागला, याची मला आजही लाज वाटते.

असे देणे थकवण्याची परंपरा या शास्त्रात जुनी आहे. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी 'अल्बर्ट' नावाने प्रसिद्ध झालेल्या तान्ह्या मुलाच्या मागे पोलादी कांबीवर हातोडा मारून त्याच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती बसवली आणि ती काढण्याआधीच ते मूल रुग्णालयातून निघून गेले. अशी भीती हळूहळू घालवता येते, हे मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये दुसऱ्या एका मुलावर दाखवले, पण अल्बर्टला त्याचा काही उपयोग झाला नाही. न्यूयॉर्कमध्ये तान्हेपणीच वेगळी करून निरनिराळ्या घरी दत्तक दिलेल्या जुळ्यांचा ज्यांनी गुपचूप अभ्यास केला, त्यांची कागदपत्रे तर २०६५ पर्यंत बंद ठेवण्याची व्यवस्था करून ठेवलेली आहे.

आपल्याला मात्र अजून विचारता येईल. ज्या विभागात तो प्रयोग झाला, त्याच्या प्रमुखांना पत्र लिहा. प्रयोगाचा अंदाजे महिना आणि वर्ष, खोली, चाचणीचे स्वरूप, जे आठवेल ते त्यात लिहा आणि तीन गोष्टी मागा: त्या अभ्यासाचा उद्देश काय होता, गटांची वाटणी कशी केली होती, आणि खोटे गुण ठरवण्याची पद्धत कोणती होती. आपली उत्तरपत्रिका बहुधा नष्ट झालेली असेल, पण अभ्यासाचा आराखडा किंवा प्रसिद्ध झालेला निबंध मिळू शकतो. त्यात 'कमी गुण सांगितलेला गट' अशी ओळ आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल. महिन्याभरात उत्तर आले नाही, तर त्याच पत्राची प्रत संस्थेच्या नीतिसमितीला पाठवा. पत्राचा मसुदा मला पाठवलात तर मी तो वाचून, आवश्यक ते बदल सुचवून परत पाठवीन.